वादळापूर्वी घराच्या छपराची मजबुती

कोकणातील शेतकरी वैशाखात घर शाकारतो, ती पावसाची तजवीज म्हणून. फुटकी कौले बदलली, पालापाचोळा झाडला आणि आढ्यावरचे कोने पुन्हा बसविले की छपराचे काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वर्षास अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात अशी शाकारणी अत्यावश्यक आहे, यात शंका नाही. तथापि पाऊस छपरावर वरून पडतो, तर वादळी वारा छपरास खालून वर उचलतो. पावसासाठी छप्पर झाकावे लागते. वादळासाठी ते बांधून ठेवावे लागते. हे दुसरे काम बहुतेक घरांत राहून जाते.

दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड व दापोली या तालुक्यांत असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले आणि लगेच सुरू झालेल्या पावसात घरातील धान्य, बियाणे व अंथरूण-पांघरूण भिजून गेले. पुढील वर्षी मे महिन्याच्या मध्यास ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याला समांतर सरकत गेले. त्यापूर्वी ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ आले होते. अरबी समुद्रातील वादळे मुख्यतः मे-जून व ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन काळांत होतात. म्हणून शाकारणी मे महिन्याच्या अखेरीपर्यंत लांबविणे आता हिताचे नाही. ती एप्रिलअखेर पुरी करावी व दसऱ्याच्या सुमारास छप्पर पुन्हा एकदा पाहून घ्यावे.

वारा छप्पर कसे उचलतो?

वारा छपरावरून वेगाने वाहतो, तेव्हा पाख्याच्या वरच्या बाजूस हवेचा दाब कमी होतो व छप्पर वर ओढले जाते. ही ओढ वळचणीला, आढ्याजवळ आणि कोपऱ्यांवर सर्वांत अधिक असते. त्यातच वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडी राहिली अथवा मोडली, तर आत शिरलेला वारा छपरास खालून रेटतो. वरून ओढ व खालून रेटा असा दुहेरी जोर एकाच वेळी येतो.

या जोराचा अंदाज साध्या हिशेबाने येईल. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब १०० चौरस फुटांवर सुमारे सव्वाचारशे ते साडेचारशे किलो भरतो. तेवढ्याच जागेवर सुमारे दीडशे मंगलोरी कौले बसतात आणि त्यांचे एकूण वजन तीनशे ते साडेतीनशे किलो असते. पन्हळी लोखंडी पत्र्याचे वजन तर साठ किलोच्या आतच असते. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हेही ध्यानात ठेवावे. सारांश, केवळ स्वतःच्या वजनावर कोणतेही छप्पर वादळात टिकेल असे गृहीत धरू नये.

सांगाडा बांधून घेणे

छपराची बांधणी साखळीसारखी असते. कौल रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीच्या माथ्यावरील तुळईला, तुळई खांबाला किंवा भिंतीला आणि खांब पायाला घट्ट जोडलेला असावा. यातील एक सांधा जरी ढिला असला, तरी वादळ तेथेच फट पाडते.

प्रथम लाकूड तपासावे. वाशांची भिंतीत शिरलेली टोके व वळचणीकडील टोके ओलाव्याने कुजतात आणि वाळवी तेथूनच लागते. चाकूचे टोक लाकडात सहज शिरले, तर तो वासा बदलणेच योग्य होय. त्यावर डांबर फासून दोष झाकू नये.

नंतर सांधे पाहावेत. वासा तुळईवर नुसता टेकलेला किंवा एकाच खिळ्याने ठोकलेला असतो. वर उचलणाऱ्या जोरापुढे असा खिळा सरळ उपटून निघतो. यासाठी वासा व तुळई यांना कवटाळणारी लोखंडी पट्टी बोल्टने आवळावी. ते शक्य नसेल, तर जाड जस्ती तारेचे तीन-चार वेढे देऊन पीळ भरावा. तुळईही भिंतीत खोलवर पुरलेल्या लोखंडी गजाने खाली धरलेली असावी. कोपऱ्यांत तिरके आडणे ठोकल्यास सांगाडा डोलत नाही.

नवे घर बांधताना दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर करावे. त्यास वाऱ्यासमोर उभी राहणारी त्रिकोणी भिंत नसल्याने ते वादळात अधिक टिकते. मुख्य छपराची वळचण दीड फुटापेक्षा फार पुढे काढू नये. मातीच्या भिंतीस पावसापासून संरक्षण हवे असल्यास पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे बांधावे, म्हणजे पडवी उडाली तरी घर शाबूत राहील.

कौलारू छप्पर

मंगलोरी कौलाच्या खालच्या अंगास भोक असलेली एक लहान नाकी असते. ती तार ओवून कौल रिपेला बांधण्यासाठीच असते. परंतु तिचा उपयोग क्वचितच केला जातो. सर्व कौले बांधणे शक्य नसल्यास वळचणीच्या दोन ओळी, आढ्याखालच्या दोन ओळी आणि पाख्याच्या कडेच्या दोन ओळी तरी जस्ती तारेने बांधाव्यात. वाऱ्याने एक कौल काढले की शेजारच्या कौलाखाली वारा शिरतो व ओळीच्या ओळी निघतात. म्हणून कडा सांभाळणे म्हणजे सारे छप्पर सांभाळणे होय. आढ्यावरचे कोने पक्क्या मसाल्यात बसवावेत. नळीच्या कौलांना नाकी नसल्यामुळे वळचणीची व आढ्याची ओळ मसाल्यात बसवावी.

पत्र्याचे छप्पर

पत्रा हुकाच्या बोल्टाने खालच्या वाशाला किंवा लोखंडी पाइपाला आवळावा. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात कधीही पाडू नये. कारण पाणी खोलगट भागातूनच वाहते. प्रत्येक बोल्टाखाली रबराचा किंवा डांबरी वॉशर असावा. कडेच्या ओळीत एक पन्हळ सोडून एक याप्रमाणे बोल्ट घालावेत. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर किमान सहा इंच चढवावा आणि बाजूचा सांधा दीड ते दोन पन्हळींचा ठेवावा. सांध्याचे उघडे तोंड नैर्ऋत्येकडे येऊ देऊ नये, कारण पावसाळी वारा त्याच दिशेने येतो.

पत्र्यावर दगड ठेवण्याची प्रथा धोक्याची आहे. पत्रा उचलला गेला की दगड घरात किंवा वाटेवरील माणसावर पडतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर पाय देऊ नये; ते अकस्मात फुटतात. त्यांपैकी अनेकांत ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसास अपायकारक असल्याने असे पत्रे कापू किंवा फोडू नयेत.

गळती शोधणे व थांबविणे

पाणी जेथे ठिबकते, तेथेच छप्पर गळते असे नसते. फटीतून आत आलेले पाणी रिपेच्या व वाशाच्या आधाराने खाली वाहत येते आणि भलत्याच जागी टपकते. म्हणून लाकडावरील डागाचा माग वरच्या दिशेने घ्यावा. पावसाळ्यात गळती दिसताच त्या वाशावर खूण करून ठेवली, तर उन्हाळ्यात शोध घेण्याचे श्रम वाचतात. भर दुपारी दारे-खिडक्या लावून माळ्यावरून पाहिल्यास फटींतून येणारा उजेड दिसतो.

बहुतेक गळती सांध्यांतून होते. दोन पाखे आतल्या कोनात मिळतात तेथील पन्हळ, भिंत व छप्पर यांचा सांधा आणि आढ्यावरचे कोने ही तीन ठिकाणे आधी तपासावीत. पन्हळीत पाने साचली की पाणी तुंबते व कौलांखाली मागे शिरते. पन्हळीचा पत्रा दोन्ही बाजूंस कौलांखाली किमान सहा इंच गेलेला असावा. भिंतीच्या सांध्यावर नुसता मसाला थापल्यास तो पहिल्या उन्हातच सुटतो. तेथे भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी बसवावी. काम झाल्यावर वळचणीकडून आढ्याकडे टप्प्याटप्प्याने पाणी ओतून पाहावे, म्हणजे दोष नेमका कोठे आहे ते कळते.

काम करताना व वादळाच्या वेळी

छपरावर चढताना पाय कौलावर न देता आडव्या टाकलेल्या फळीवर द्यावा. कमरेस दोर बांधावा, घरातील विजेचा मुख्य खटका बंद करावा आणि वीजतारेपासून दूर राहावे. घरावर झुकलेल्या वाळक्या फांद्या, सुकलेल्या झावळ्या व पक्के नारळ आधीच उतरवून घ्यावेत.

वादळाचा इशारा मिळताच दारे-खिडक्या आतून अडसर घालून बंद कराव्यात. बियाणे, धान्य व महत्त्वाची कागदपत्रे प्लास्टिकच्या कापडात गुंडाळून उंच ठेवावीत. घर कच्चे असल्यास माणसांनी वेळीच पक्क्या इमारतीत आश्रय घ्यावा. वादळ चालू असता उडणारा पत्रा धरण्यास कोणीही वर चढू नये. मध्येच वारा एकदम पडला, तरी बाहेर येण्याची घाई करू नये. वादळाचा मध्य पुढे सरकला की उलट दिशेने तितक्याच जोराचा वारा सुटतो.

शेवटी, पन्नास-शंभर कौले, काही कोने, तार व एक मोठी ताडपत्री घरात शिल्लक ठेवावी. वादळानंतर साऱ्या गावास एकाच वेळी कौले हवी असतात व ती मिळेपर्यंत पाऊस थांबत नाही. तार, पट्ट्या व बोल्ट यांचा खर्च घराच्या नव्या छपराच्या मानाने अल्प आहे. तो उन्हाळ्यातच केल्यास घरातील माणसे, गुरे आणि वर्षभराचे धान्य यांवरील संकट पुष्कळ अंशी टळेल.