गाठीच्या आधी निघालेली पाकिटे

'हत्यार लागले आणि रोग खवळला', हे वाक्य कर्करोगाच्या रुग्णाला भेटून आलेल्या माणसाच्या तोंडून आपण सर्वांनीच ऐकले आहे. काही जण याहून पुढे जातात आणि सारे पूर्वजन्मीच्या कर्मावर ढकलतात. बाबासाहेबांना मानणाऱ्या माणसाने हे दुसरे कारण तरी तोंडातून काढू नये. पहिल्या कारणावर मात्र आपले शिकलेसवरलेले बांधवही विश्वास ठेवतात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मी शास्त्राचा विद्यार्थी नाही. कला शाखेच्या माणसाला जेवढे वाचून समजले, तेवढेच येथे मांडले आहे.

उदाहरण स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे घेऊ. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी याच रोगाने निधन झाले. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे असते. अन्न पचवणारा रस आणि इन्सुलिन ते तयार करते. ते पोटात खोलवर असल्याने तेथील गाठ सहसा हाताला लागत नाही, आणि रोग कळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०२५ सालच्या आकड्यांप्रमाणे, निदानानंतर पाच वर्षे जगणारे रुग्ण शंभरात सुमारे १३ आहेत. हा रोग पसरतो तो बहुतेक वेळा प्रथम यकृतात.

यकृतातच का? स्वादुपिंडाकडून निघालेले रक्त एका मोठ्या शिरेने थेट यकृतात जाते, हे एक कारण. पण तेवढ्याने भागत नाही. १८८९ साली लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग कोठेही न पसरता ठराविक अवयवांत पसरतो, असे त्यांना दिसले. बी सगळीकडे उडते, पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच, असे त्यांचे म्हणणे होते. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. मात्र ही जमीन तयार कोण करतो, हा प्रश्न पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला.

१९८३ साली कॅनडात रोझ जॉनस्टोन यांच्या आणि अमेरिकेत फिलिप स्टाल यांच्या प्रयोगशाळेत अनुक्रमे मेंढीच्या आणि उंदराच्या अपक्व तांबड्या पेशींवर काम चालू होते. त्या पेशी अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर टाकतात, असे दोन्हीकडे दिसून आले. पुढे त्यांना 'एक्झोसोम' हे नाव मिळाले. त्यांचा आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, आणि एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर असतात. सुरुवातीला हा पेशीचा केरकचराच मानला गेला. प्रत्यक्षात ती पाकिटे निघाली. त्यांच्या आत आणि पृष्ठभागावर प्रथिने असतात, आणि ती रक्तातून प्रवास करून दुसऱ्या पेशींपर्यंत पोहोचतात. निरोगी पेशीही अशी पाकिटे पाठवतात, कर्करोगाच्या पेशीही पाठवतात.

२०१५ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या प्रयोगशाळेने यातला धागा पकडला. निरोगी उंदरांना स्वादुपिंडाच्या कर्करोगपेशींची केवळ पाकिटे तीन आठवडे टोचली. त्यानंतर कर्करोगाच्या पेशी सोडल्या, तेव्हा यकृतात रोग कितीतरी जास्त पसरला. घडले ते असे. यकृतातील कुप्फर नावाच्या भक्षक पेशींनी ही पाकिटे गिळली. पाकिटात 'एमआयएफ' नावाचे प्रथिन होते. त्याच्या प्रभावाने कुप्फर पेशींनी 'टीजीएफ-बीटा' हा पदार्थ सोडला. त्याने शेजारच्या पेशी जाग्या होऊन 'फायब्रोनेक्टिन' हे चिकट प्रथिन तयार करू लागल्या. त्या जाळीत अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी अडकून बसल्या, आणि येणाऱ्या कर्करोगपेशीला बिछाना तयार झाला. हे असले तर ते होते, हे न झाले तर ते होत नाही, ही कार्यकारणाची साखळी प्रतीत्यसमुत्पाद अभ्यासणाऱ्याला ओळखीची वाटेल. शास्त्रज्ञांनी कडी तोडूनही पाहिली. पाकिटांतील एमआयएफ कमी केले तेव्हा उंदरांच्या यकृतात जमीन तयार झाली नाही, आणि प्रसारही घटला.

त्याच वर्षी या पाकिटांवर पत्तासुद्धा असतो, हे त्याच प्रयोगशाळेतून पुढे आले. पृष्ठभागावर इंटेग्रिन प्रथिनांची एक जोडी असेल तर पाकीट यकृताकडे जाते, दुसरी असेल तर फुप्फुसाकडे. आमच्या आवक-जावक टेबलावरही पत्ते इतके बिनचूक नसतात!

हे बरेचसे उंदरांवरचे काम आहे, याचे भान ठेवले पाहिजे. पण माणसांतही एक गोष्ट दिसली. पहिल्या अवस्थेतील ज्या रुग्णांच्या यकृतात पुढे रोग गेला, त्यांच्या रक्तातील पाकिटांत एमआयएफ आधीपासूनच जास्त होते. या आधारावर लवकर निदान होईल, अशी आशा आहे. तरी वर्तमानपत्रातील घोषणांवर लगेच भाळू नये. २०१५ सालीच 'ग्लिपिकन-१' या प्रथिनाविषयी असा मोठा दावा झाला होता, परंतु इतर प्रयोगशाळांना तितके चांगले निष्कर्ष मिळाले नाहीत.

आता हत्याराकडे येऊ. डॉक्टरच्या सुरीच्या कितीतरी आधी गाठ आपली पाकिटे रवाना करत असते. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी यकृतात रोग दिसला, तर त्याची तयारी बहुधा अगोदरच झालेली असते. सुरीवर आळ येतो तो ती मागाहून आली म्हणून. उलट या रोगातून पूर्ण बरे होण्याची खरी संधी आजही ऑपरेशननेच मिळते, आणि निदानाच्या वेळी ऑपरेशन करण्याजोगे रुग्ण पाचांत जेमतेम एक असतात. त्या एकानेही शेजाऱ्याचे ऐकून घरी बसावे, याचे फार वाईट वाटते.

पोट न दुखता आलेली कावीळ, उतारवयात एकाएकी जडलेला मधुमेह आणि सोबत घटणारे वजन, पाठीत जाणारी पोटदुखी, ही लक्षणे लक्षात ठेवावीत. कावीळ म्हटली की आपल्याकडे प्रथम झाडपाल्याचे औषध आणले जाते आणि त्यात महिना निघून जातो. त्याऐवजी सरकारी दवाखाना गाठावा, आणि डॉक्टरांनी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लिहून दिला, तर तो त्याच आठवड्यात करून घ्यावा.