जर-तरची वाक्ये : 'इफ'कडे मराठीतून जाऊया



कंडिशनल सेंटेन्स शिकवायचे म्हटले की आपण फळ्यावर चार रकाने आखतो. झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड. मुले तक्ता पाठ करतात, रिकाम्या जागाही भरतात. पण स्वतःचे वाक्य लिहायला सांगा, हमखास असे येते : 'इफ इट विल रेन टुमारो, देन आय विल नॉट कम.'

मुलाचा हिशोब सरळ असतो. गोष्ट उद्याची, म्हणून विल. अशा वेळी नियम पुन्हा सांगण्यापेक्षा तेच वाक्य त्याला मराठीत बोलायला सांगा. तो म्हणेल, "उद्या पाऊस आला तर मी येणार नाही." आता विचारा, 'आला' हे रूप कुठल्या काळाचे? भूतकाळाचे! आणि पाऊस कधीचा? उद्याचा. वर्गात जरा गडबड होते, पण मुद्दा पोहोचतो. अटीच्या भागातले क्रियापद घड्याळ दाखवत नाही, हे मुलाला आधीपासून येत असते. मराठी तिथे 'आला' वापरते, इंग्रजी साधा वर्तमानकाळ : 'इफ इट रेन्स टुमारो, आय विल नॉट कम.' उद्या कळतो तो दुसऱ्या भागातून, 'येणार नाही' आणि 'विल नॉट कम' मधून.

त्या वाक्यातल्या 'देन'चेही कारण मराठीत आहे. आपण 'जर' सहज गाळतो, 'तर' नाही. 'पाऊस आला तर' चालते, 'जर पाऊस आला मी येणार नाही' कोणी बोलत नाही. इंग्रजीत उलट. 'इफ' हवाच, 'देन' बहुतेक वेळा नको.

खरी अडचण पुढे आहे. ही दोन वाक्ये पाहा.

माझ्याकडे सायकल असती तर मी रोज सायकलने आलो असतो.
काल तू लवकर उठला असतास तर बस मिळाली असती.

पहिली गोष्ट आजची, सायकल आत्ता नाही. दुसरी कालची, बस गेली ती गेली. मराठी दोन्हीकडे, आणि वाक्याच्या दोन्ही भागांत, असता-असती वापरून मोकळी होते. म्हणून मूल दोन्ही भागांत 'वुड' घालते : 'इफ आय वुड हॅव अ बायसिकल, आय वुड राइड टु स्कूल.' हा आळस नव्हे, चक्क भाषांतर आहे. इथे तक्त्याऐवजी एकच प्रश्न विचारायची सवय लावा : गोष्ट आत्ताची की होऊन गेलेली? आत्ताची असेल तर 'इफ आय हॅड अ बायसिकल, आय वुड राइड टु स्कूल.' होऊन गेलेली असेल तर 'इफ यू हॅड गॉट अप अर्ली, यू वुड हॅव कॉट द बस.' 'वुड' फक्त 'तर'च्या पलीकडे, अलीकडे नाही. माझ्या वर्गात वहीवर 'तर'च्या जागी उभी रेघ मारून घेते, त्याने बराच फरक पडतो.

सरावाला वेगळे साहित्य नको. 'मी पक्षी असतो तर', 'शाळा नसती तर' हे निबंध मुलांनी मराठीत लिहिलेलेच असतात. त्यातली पाच वाक्ये काढून इंग्रजीत करायला द्या. 'इफ आय वेअर अ बर्ड' मध्ये 'आय'बरोबर 'वेअर' का, हे मुले विचारतीलच. खोट्या कल्पनेसाठी ते रूप राखून ठेवले आहे, एवढे उत्तर पुरते. बोलताना लोक 'वॉज'ही म्हणतात, त्यावर अडून बसू नका. झिरोचा प्रकार विज्ञानाच्या तासालाच उरकतो : 'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.'

पालकांसाठी 'अनलेस'. मुले लिहितात 'अनलेस यू डोन्ट फिनिश युअर होमवर्क'. 'अनलेस'च्या पोटात नकार आधीच आहे, अगदी आपल्या 'शिवाय'सारखा. "गृहपाठ संपवल्याशिवाय बाहेर जायचं नाही" हे घरोघरी रोज ऐकू येते. तेवढे एक वाक्य आठवडाभर इंग्रजीत म्हणा : 'अनलेस यू फिनिश युअर होमवर्क, यू कान्ट गो आउट.' शनिवारी मूल ते तुम्हालाच ऐकवेल, फक्त 'होमवर्क'च्या जागी तुमचे एखादे काम घालून.