सरबत गोठते कसे?
फळांचे सॉर्बे आणि सोडा यांची घरगुती कृती व तिच्यामागील शास्त्र

उन्हाळ्यात सरबताची गोठलेली कांडी चोखणाऱ्या मुलाला एक गंमत हमखास दिसते. प्रथम जिभेला रंग व गोडी भरपूर मिळते; थोड्या वेळाने हातात उरतो तो पांढरट, बेचव बर्फ. सरबत तर सर्वत्र सारखेच गोड होते. मग गोडी आधी निघून कशी गेली? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात फळांचे सॉर्बे करण्याची सारी युक्ती सामावलेली आहे.

सॉर्बे म्हणजे फळांचा रस व साखर एकत्र घुसळत गोठवून केलेला मऊ, बर्फाळ पदार्थ. त्यात दूध नसते. शब्द फ्रेंच असला तरी त्याचे कूळ आपल्या परिचयाचे आहे. अरबी-फारसी ‘शरबत’ हा शब्द तुर्की भाषेत ‘शेर्बेत’, इटलीत ‘सोर्बेत्तो’ आणि फ्रान्समध्ये ‘सॉर्बे’ झाला. मराठीत तोच ‘सरबत’ म्हणून नांदतो. सॉर्बेचा गोळा सोडावॉटरच्या पेल्यात तरंगत ठेवला, की त्या पेयाला ‘फ्लोट’ म्हणतात.

बर्फ साखरेला थारा देत नाही

पाणी गोठते तेव्हा त्याचे रेणू एका ठरावीक जाळीत रचले जातात. साखरेच्या मोठ्या रेणूला त्या जाळीत जागा नसते. त्यामुळे बर्फाचे स्फटिक जवळजवळ शुद्ध पाण्याचे बनतात व साखर उरलेल्या पाण्यात साचत जाते. कांडी चोखताना स्फटिकांमधला हा पाक आधी निघून येतो. मागे राहतो तो केवळ बर्फ.

पाक जितका दाट, तितकी त्याला गोठण्यास अधिक थंडी लागते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फ्रांस्वा-मारी राउल्ट याने १८८२ मध्ये या घटनेचा नियम मांडला. १ किलोग्रॅम पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवली, तर गोठणबिंदू सुमारे १.८६ अंश सेल्सिअसने उतरतो. सॉर्बेत थोडा पाक न गोठता शिल्लक राहतो आणि स्फटिकांना एकमेकांस घट्ट चिकटू देत नाही; म्हणून त्यात चमचा सहज रुततो. साखर फार कमी पडली तर दगडासारखा खडा बनतो. फार अधिक झाली तर रस गोठतच नाही. एकूण मिश्रणाच्या वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा साखर असली, म्हणजे बहुधा बेत साधतो. या हिशेबात फळातील साखरही धरावी लागते.

बादलीतील थंडी

नुसत्या बर्फात डबा ठेवून सॉर्बे होत नाही, कारण वितळणारा बर्फ ० अंशावरच राहतो आणि गोड रसाला त्याखालची थंडी हवी असते. येथे मीठ उपयोगी पडते. बर्फावरील पाण्याच्या थरात मीठ विरघळते व त्या पाण्याचा गोठणबिंदू उतरवते. बर्फ अधिक वेगाने वितळू लागतो. १ ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ती मिश्रणातून व डब्यातील रसातून खेचली जाते. अशा मिश्रणाचे तापमान जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. घरच्या बादलीत ते त्याहून काहीसे वर राहते.

म्हणजे डब्याबाहेर मीठ व डब्याआत साखर एकाच नियमाने वागतात. बाहेर तो नियम थंडी मिळवून देतो, आत मऊपणा. फरक एवढाच, की सारख्या वजनात मिठाचा परिणाम साखरेच्या सुमारे दहा-अकरा पट असतो. मिठाचे कण लहान असून प्रत्येकाचे पाण्यात दोन भाग होतात.

कृती

पिकलेल्या आंब्याचा गर ५०० ग्रॅम घ्यावा. उकळून निवविलेल्या २५० मिलिलिटर पाण्यात १५० ग्रॅम साखर विरघळवून तो पाक व दोन चमचे लिंबाचा रस गरात मिसळावा. मिश्रण गाळून चांगले गार करावे व घट्ट झाकणाच्या, कडी असलेल्या स्टीलच्या डब्यात ओतावे. डबा अर्ध्याहून थोडा अधिकच भरावा.

बादलीत ३ किलो ठेचलेला बर्फ व १ किलो जाडे मीठ यांचे थर द्यावेत. डबा मधोमध बसवावा. बर्फ झाकणाच्या खालीच राहावा. कडी धरून डबा उलटसुलट फिरवत राहावे. दर पाच मिनिटांनी झाकण पुसून उघडावे आणि कडेला धरलेला थर लाकडी उलथण्याने खरवडून मध्ये घोटावा. या घोटण्याने स्फटिक बारीक राहतात व मिश्रणात हवा शिरते. अर्ध्या-पाऊण तासात सॉर्बे तयार होते.

सोड्यातील वायू

जोसेफ प्रीस्टली याने १७६७ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे, आंबणाऱ्या बिअरच्या पिंपावर पाण्याचे भांडे धरून त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळवला. १७७२ मध्ये त्याने पाण्यात हा वायू विरघळवण्याची रीत छापून प्रसिद्ध केली. दाब वाढला की पाण्यात अधिक वायू विरघळतो, हा नियम विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडला. म्हणूनच बाटली उघडताच दाब उतरून फसफस होते. तापमानाचाही परिणाम मोठा. हवेच्या दाबाइतक्याच दाबाखाली १ लिटर पाण्यात ० अंशावर सुमारे १.७ लिटर, तर २० अंशांवर सुमारे ०.९ लिटर वायू मावतो. यास्तव सोडा अगदी गार असावा. पेला तिरपा धरून तो कडेने अर्ध्यापर्यंत ओतावा व मग गोळा अलगद सोडावा. गोळ्याच्या खडबडीत पृष्ठभागावर बुडबुडे जन्मतात आणि गरातील पेक्टिन फेस टिकण्यास मदत करते. पेला आधीच काठोकाठ भरला, तर सर्व फेस मेजावर सांडतो.

गोळा तरंगतो तो केवळ बर्फामुळे नव्हे. बर्फ पाण्याहून हलका, परंतु त्यातला दाट पाक जड असतो. घोटताना शिरलेली हवा व अंगाला चिकटलेले बुडबुडे त्यास उचलून धरतात. न घोटता गोठवलेला गोड गोळा कधी कधी तळाशी जातो तो याच कारणाने.

दक्षता

गोठण्याने पाण्यातील रोगजंतू मरतातच असे नाही. म्हणून रसात पाणी उकळलेलेच घालावे, आणि बादलीतील बर्फ पेल्यात कधीही टाकू नये. मीठ-बर्फात हात घालू नये. त्वचेला इजा होते. सोड्याची बंद बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते व वायू बाहेर पडून दाब वाढतो. त्यामुळे बाटली फुटण्याचा धोका असतो.

वर्गासाठी प्रयोग

तीन वाट्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर पाणी घ्यावे. पहिलीत काहीच घालू नये. दुसरीत २५ ग्रॅम व तिसरीत कोमट पाण्यात १५० ग्रॅम साखर विरघळवावी. तिन्ही वाट्या रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. सकाळी पहिलीत कठीण बर्फ आढळेल, दुसरीतील चमच्याने खरवडता येईल आणि तिसरीत बहुतांशी दाट पाकच राहिलेला दिसेल. दुसऱ्या वाटीतील थोडा बर्फ चाळणीवर ठेवून वितळू द्यावा. आधी टिपलेले थेंब व शेवटी उरलेला बर्फ यांची चव निरनिराळी घेऊन पाहावी, म्हणजे कांडीतील गोडी आधी कोठे गेली, याचे उत्तर विद्यार्थ्यांच्या जिभेलाच मिळेल.