निवृत्तीनंतरचा दिवस : पाच नमाजांची चौकट

निरोप समारंभ पार पडतो. शाल, पुष्पगुच्छ आणि सहकाऱ्यांच्या शुभेच्छा घेऊन माणूस घरी येतो. पहिला महिना रजेसारखा जातो. नातेवाइकांकडे जाणे होते, राहिलेली कामे उरकली जातात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मात्र दिवस सैल पडू लागतो. सकाळी निघायची घाई नसल्यामुळे झोप लांबते, वर्तमानपत्र दोनदा वाचून होते, दुपारची डुलकी असरपर्यंत पोहोचते आणि रात्री दूरदर्शनसमोर बारा वाजतात. नोकरीच्या धावपळीतही ज्याची फजर चुकत नव्हती, त्याचीच फजर आता कजा होऊ लागते. वेळ भरपूर असताना असे का व्हावे?

कारण साधे आहे. तीस-पस्तीस वर्षे आपल्या दिवसाला कार्यालयाने आकार दिलेला असतो. हजेरीपट, गाडीची वेळ, जेवणाची सुट्टी या खुंट्यांवर दिवस टांगलेला असतो. त्या खुंट्या एकाच दिवशी काढल्या की सर्व काही खाली येते. श्रद्धावंतासाठी समाधानाची गोष्ट ही की, त्याच्या दिवसाची मूळ चौकट कोणत्याही कार्यालयाने बनवलेलीच नव्हती. सूरह निसाच्या १०३ व्या आयतीत अल्लाहने नमाज हे ठरलेल्या वेळी पार पाडायचे कर्तव्य असल्याचे सांगितले आहे. या कर्तव्यातून निवृत्ती नाही, म्हणून ही चौकटही कधी मोडत नाही. आजवर आपण नोकरीच्या वेळापत्रकात नमाजेला जागा करून देत होतो. आता नमाजेच्या वेळापत्रकात बाकीचे जीवन बसवण्याची संधी मिळाली आहे.

मोकळा वेळ ही अमानत

ह. इब्ने अब्बास (र.) यांनी कथन केलेली, सहीह बुखारीतील एक हदीस आपल्या परिचयाची आहे. आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक तोट्यात राहतात, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीत सांगितले आहे. नोकरीत असताना आरोग्य होते, फुरसत नव्हती. अतिवृद्धपणी फुरसत राहील, पण आरोग्याची खात्री नाही. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे अशी असतात की, अल्लाहच्या कृपेने अनेकांच्या हाती या दोन्ही देणग्या एकाच वेळी असतात.

याच संदर्भात आणखी एक हदीस लक्षात घ्यावी. ह. अबू हुरैरा (र.) यांच्या कथनानुसार, ज्याला अल्लाहने साठ वर्षांपर्यंत आयुष्य दिले, त्याच्यासाठी सबब सांगायला जागा ठेवली नाही (बुखारी). आता आपले वय मोजून पाहा. राज्य शासनाचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी सेवानिवृत्त होतात. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे सौर गणनेने ५८ वर्षे आणि सुमारे अडीच महिने पूर्ण झाले की हिजरी गणनेने ६० वर्षे भरतात. म्हणजे निवृत्तीचा आदेश हातात पडतो, जवळपास त्याच सुमारास "वेळ मिळाला नाही" ही सबब आपल्या हातून निघून जाते.

सूरह अश्-शरहच्या शेवटच्या दोन आयतींत प्रेषितांना (स.) आदेश आहे की, एका कामातून मोकळे झाल्यावर पुन्हा परिश्रमाला लागावे आणि आपल्या पालनकर्त्याकडेच ओढ ठेवावी. येथे मोकळे होणे हा पुढील श्रमाचा प्रारंभ आहे.

घड्याळाऐवजी नमाजेशी बांधलेली दिनचर्या

पुष्कळजण निवृत्तीनंतर तासांचे तक्ते बनवतात आणि ते पंधरा दिवसांत गुंडाळून ठेवतात. त्याऐवजी प्रत्येक काम एखाद्या नमाजेशी जोडावे. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, तर जूनमध्ये सहाच्या सुमारास. नमाजेच्या वेळा ऋतूप्रमाणे सरकतात आणि त्यांना जोडलेली कामेही त्यांच्यासोबत सरकतात. वर्षभर एकच वेळ धरून बसण्याचा ताण राहत नाही.

फजर ते सूर्योदय हा वेळ कुरआनसाठी ठेवावा. प्रचलित मदनी प्रतीची ६०४ पाने आहेत. रोज केवळ एक पान अर्थासह, मराठी अनुवाद समोर ठेवून वाचले, तरी सुमारे वीस महिन्यांत संपूर्ण कुरआन समजून वाचून होतो. ज्यांचे अरबी वाचन लहानपणी कच्चे राहिले, त्यांनी मशिदीच्या इमामसाहेबांकडे बसून पुन्हा सुरुवात करण्यात संकोच मानू नये. अडखळत, कष्टाने कुरआन पठण करणाऱ्यासाठी दुहेरी मोबदला असल्याची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्यानंतर इश्राक आणि मग थोडे चालणे. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे.

चाश्त ते जुहर हा उत्साहाचा वेळ. तो अल्लाहच्या बंद्यांच्या सेवेसाठी ठेवावा. आपण आयुष्यभर जे काम केले, त्याचीच वस्तीत गरज असते. कार्यालयात फायली हाताळलेला माणूस एखाद्या विधवेचा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरून देऊ शकतो. शिक्षकाने गणितात मागे पडलेली चार मुले घरी बोलवावीत. परिचारिका राहिलेल्या भगिनीने शेजारच्या वृद्धेच्या औषधांच्या वेळा लावून द्याव्यात. नवी संस्था काढण्याची गरज नाही. आठवड्यातून तीन दिवस, दोन तास, पण ठरलेले, एवढे पुरेसे आहे.

जुहर ते असर विश्रांती आणि वाचन. दुपारची थोडी झोप, म्हणजेच कैलूला, प्रेषितांच्या (स.) काळातील रीत आहे. ती थोडीच असावी. कोकणातील शाफई मशिदींत असर हनफी मशिदींपेक्षा लवकर होते. तेथील वाचकांनी हा भाग आखडता घ्यावा. असर ते मगरिब आजाऱ्याची विचारपूस, नातेवाइकांची भेट आणि नातवंडांसाठी. मगरिब ते इशा कुटुंबासाठी. इशानंतर लवकर झोपावे. इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे प्रेषितांना (स.) पसंत नव्हते, असे बुखारीत नमूद आहे. उद्याची फजर आज रात्रीच ठरत असते.

घरात परतलेला माणूस

निवृत्तीची खरी कसोटी मशिदीत लागत नाही, घरात लागते. इतकी वर्षे सकाळी नऊ ते सायंकाळी सहा हे घर पत्नीने चालवलेले असते. आता घरी बसलेला पती डाळीत मीठ किती घालावे, भाजी कोणाकडून घ्यावी, सून किती वाजता उठली, यावर बोलू लागतो. कार्यालयातील अधिकार संपला, म्हणून घरात अधिकार शोधला जातो. त्यातून कुरबुरी सुरू होतात आणि ज्या वयात एकमेकांची सोबत हवी, त्याच वयात मने दुरावतात.

प्रेषित (स.) घरी काय करत, असे ह. आयेशा (र.) यांना विचारले गेले. ते घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजेची वेळ झाली की बाहेर पडत, असे त्यांनी सांगितले (बुखारी). निवृत्त पतीसाठी याहून नेमकी दिनचर्या कोणती? म्हणून घरातील एखादे काम कायमचे आपल्याकडे घ्यावे. पाणी भरणे, बाजार आणणे, सकाळचा चहा, काहीही. सल्ला कमी द्यावा, हात अधिक चालवावा. पतीची नोकरी संपली तरी पत्नीची चूल संपलेली नसते, हे ध्यानात ठेवावे. त्याचप्रमाणे आई सेवानिवृत्त झाली म्हणजे नातवंडांसाठी दिवसभराची व्यवस्था झाली, असे मुला-सुनेने गृहीत धरू नये. तिलाही तिलावतीचा, विश्रांतीचा आणि मैत्रिणींचा वेळ हवा.

चौकात आणि मोबाइलवर जाणारा वेळ

चौकात, दुकानाच्या पायरीवर मित्रांसोबत बसण्यास मनाई नाही, पण रस्त्यावर बसण्याचे हक्क हदीसमध्ये सांगितलेले आहेत : नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे, सलामला उत्तर देणे, भल्याची शिकवण देणे आणि वाईटापासून रोखणे. आपली बैठक या कसोटीला उतरते का, हे ज्याने त्याने पाहावे. मशिदीच्या व्यवस्थापनातील वाद हाच ज्यांचा दिनक्रम बनतो, त्यांनी तर अधिक सावध राहावे.

मोबाइलबाबतही हाच नियम. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे माणसाला खोटा ठरवण्यास पुरेसे आहे, अशा अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. सकाळपासून आलेले संदेश न पडताळता पुढे पाठवणाऱ्या बोटांनाही ती लागू आहे.

थोडे, पण नित्याचे

येथवर वाचून कोणी उद्यापासून तहज्जुद, रोजे, एक पारा आणि समाजसेवा, सर्व एकदम सुरू करील, तर ते टिकणार नाही. थोडे असले तरी सातत्याने केलेले कर्म अल्लाहला सर्वाधिक प्रिय आहे, हे ह. आयेशा (र.) यांच्या कथनातून आपल्याला ठाऊक आहे. ह. अबू दर्दा (र.) अतिरिक्त उपासनेत इतके गढले होते की, ह. सलमान (र.) यांनी त्यांना पालनकर्त्याचा, स्वतःच्या देहाचा आणि कुटुंबाचा, अशा प्रत्येकाचा हक्क अदा करण्याची आठवण करून दिली आणि प्रेषितांनी (स.) सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. प्रथम पाच नमाजा जमाअतीने, सोबत कुरआनचे एक पान, घरातील एक काम आणि बाहेरची एक सेवा. चाळीस दिवस एवढेच करून पाहा, मग हवे तर वाढवा.

पहिल्याच महिन्यात एक सकाळ वसीयत आणि हिशेबासाठी काढावी. ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून न ठेवता दोन रात्रीही घालवू नयेत, अशी ताकीद आहे. कोणाचे देणे आहे, कोणाची ठेव आहे, हे लिहून काढावे. वारसांचे वाटे अल्लाहने ठरवलेले आहेत. इतरांसाठीची वसीयत एक तृतीयांशाच्या आत असावी. एकरकमी मिळालेल्या पैशावरील जकात आणि आपल्यावर हज अनिवार्य झाला का, हा प्रश्न जाणत्या आलिमांकडून समजून घ्यावा. हे झाले की पुढचे दिवस हलके जातात.

दिनचर्या आजच का बसवावी, याचे सर्वात मोठे कारण शेवटी सांगतो. ह. अबू मूसा अशअरी (र.) यांनी कथन केलेल्या हदीसनुसार, बंदा आजारी पडला किंवा प्रवासात असला, तर निरोगी असताना व घरी असताना तो जी कर्मे नित्य करत असे, तीच त्याच्या नावे लिहिली जातात (बुखारी). गुडघे साथ देणार नाहीत, मशिदीची पायरी चढवणार नाही, डोळ्यांना अक्षर दिसणार नाही, असा दिवस आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला येईल. त्या दिवशी अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खात्यात फजरची जमाअत लिहिली जाईल, कुरआनचे पान लिहिले जाईल, अनाथाच्या दाराशी गेलेली पावले लिहिली जातील. अट एवढीच की, हातपाय चालत होते तेव्हा हे नित्याचे असले पाहिजे. शासनाचे निवृत्तिवेतन झालेल्या सेवेवर ठरते. अल्लाहकडील हे वेतन ठरवणारी सेवा मात्र आपल्या हाती अजून शिल्लक आहे.

अल्लाह आपल्याला उरलेल्या आयुष्यात बरकत देवो आणि आपले अखेरचे दिवस आपल्या सर्वोत्तम दिवसांपैकी करो. आमीन.