क्वांटम फील्ड थिअरी : पहिलं पुस्तक कोणतं?

इंजिनिअरिंगला हा विषय शिकवायला कोणी नसतं. पुस्तक हाच मास्तर, म्हणून निवड जपून करायची.

पेस्किन-श्रोडर (१९९५) उत्तमच. पण ८०० हून जास्त पानं, तिथून सुरुवात केली तर गोडी लागण्याआधीच विषय सुटतो. झी यांचं 'नटशेल' (२००३) गप्पा मारल्यासारखं वाचता येतं, पण मधल्या पायऱ्या आपणच भरायच्या.

माझं मत लँकेस्टर-ब्लंडेल यांच्या 'क्वांटम फील्ड थिअरी फॉर द गिफ्टेड अमॅच्युअर'ला (२०१४). दोघंही प्रयोग करणारे शास्त्रज्ञ. ५० छोटी प्रकरणं, सुरुवातीलाच हार्मोनिक ऑसिलेटर, मग त्यांची साखळी. म्हणजे आपल्या व्हायब्रेशन्सच्या पेपरातले स्प्रिंग आणि मासच! साखळीच्या प्रत्येक मोडची ऊर्जा ठराविक हप्त्यांनीच वाढते. तो एक हप्ता म्हणजे फोनॉन. फील्डमधले कणही असेच. हे पटलं की निम्मी भीती गेली.

आधी ग्रिफिथ्सचं क्वांटम मेकॅनिक्स मात्र कराच. लॅडर ऑपरेटर न बघता लिहिता आले पाहिजेत. आणि कोणतंही पुस्तक विकत घेण्याआधी त्यातलं एक प्रकरण पेन घेऊन सोडवून बघा. अडलेली पायरी दोन-तीन दिवसांत स्वतःहून सुटली, तर तेच तुमचं पुस्तक!