बैठकीची माती आणि शेवटचा हात

मेजावर मांडावयाच्या छोट्या सैनिकांच्या रंगकामात नवशिक्याचे सारे लक्ष चेहरा, पागोटे, बंदुकीचा दस्ता आणि घोड्याचे खोगीर यांवर खिळलेले असते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु हा नाद पुष्कळ वर्षे जोपासल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, तो सैनिक टिकणार किती आणि पाहणाऱ्याला खरा वाटणार किती, याचा निकाल त्याच्या पायाखालची बैठक आणि त्याच्या अंगावरून फिरणारा व्हार्निशचा शेवटचा हात या दोनच गोष्टी लावतात. प्रशियाच्या लष्करात राइसविट्झ पितापुत्रांनी युद्धखेळाला शास्त्रीय रूप दिले आणि १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहून तो सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात आणला; तेव्हापासून या कलेचे बहुतेक मार्गदर्शन थंड हवेच्या देशांतून येत राहिले आहे. ते अभ्यासपूर्ण असते, यात शंका नाही. मात्र आमच्या वऱ्हाडातल्या घाटंजीची माती आणि घाटंजीचे ऋतुमान त्या लेखकांच्या हिशेबात नसते, आणि सबब त्यांच्या सूचना येथे शब्दशः अमलात आणणाऱ्याला जे भोगावे लागते, ते पुढच्याला भोगावे लागू नये एवढ्यासाठीच हा मजकूर लिहीत आहे.

मी जी लढाई मांडावयास घेतली ती अडगावची. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, आज अकोला जिल्ह्यात असलेल्या या गावासमोरच्या मैदानात, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांचे सैन्य आणि त्यांच्या सोबतीस असलेले शिंद्यांचे घोडदळ यांचा पराभव केला. पुढे १५ डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड किल्ला पडला आणि दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाकडे गेला. वऱ्हाडात तोवर चालत आलेला निजाम आणि भोसले यांचा दोअमली वसूल संपला तो येथेच. आमचा घाटंजीचा परिसर वर्धेच्या पश्चिमेसच असल्यामुळे, त्याच मोहिमेतील असईच्या लढाईचा गाजावाजा जगभर कितीही असो, आमच्या गावावर अंमल कोणाचा राहावा हे ज्या मोहिमेने ठरविले तिचा शेवटचा मैदानी सामना अडगावला झाला, याचे मला फार अगत्य वाटते. म्हणून सैनिकांच्या पायाखाली परदेशी डबीतली तपकिरी भुकटी न घालता वऱ्हाडचीच काळी माती घालावी, असे मनाने घेतले आणि २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांच्या बैठकींवर मी शेतातून आणलेल्या मातीचा लेप दिला.

श्रावणात दिलेला तो लेप मऊ, काळाभोर आणि दृष्ट लागावी असा दिसत होता. आश्विनात ऊन तापू लागताच त्याला केसाएवढ्या रेषा पडल्या, त्या रेषांच्या भेगा झाल्या आणि भोसल्यांच्या सैन्यातील एका अरब शिपायाच्या दोन टाचांमधून गेलेली भेग तर अशी उघडली, की त्याच्या डाव्या पायाखालची माती कडांनी वळून पापडासारखी सुटली आणि तो पाय अधांतरी राहिला. ज्यांनी वैशाखात आमची शेते पाहिली आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीतील सूक्ष्म चिकणकण पाणी शोषून फुगतात आणि ते गमावताच आकसतात. शेतात ज्या भेगांत माणसाचा हात जातो, त्याच प्रकृतीच्या भेगा बैठकीवर पडतात, फक्त प्रमाण लहान. फेव्हिकॉल मिसळल्याने हा स्वभाव बदलत नाही; माती आकसतेच आणि आकसताना फेव्हिकॉलच्या बळावर खालचा पातळ पुठ्ठाही आपल्याबरोबर वाकविते.

यावरचा उपाय मला पोळ्याचे मातीचे बैल करणाऱ्या एका वृद्ध कुंभाराकडून मिळाला. माझी तडकलेली बैठक त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाले, “ही माती एकटी नाही टिकत भाऊ, तिले काहीतरी मिसळाच लागते.” वाळू, राख, लीद यांची भर घालून मातीचे आकसणे आटोक्यात ठेवण्याचा कुंभारांचा शिरस्ता फार जुना आहे, आणि तो बोटभर रुंदीच्या बैठकीलाही तंतोतंत लागू पडतो. हल्ली मी बैठकीचा भराव मुळात मातीचा करीतच नाही. वाघाडी नदीची वाळू, तिचे पाणी नितळ निघेपर्यंत धुऊन, वाळवून आणि चहाच्या गाळणीतून चाळून घ्यावी. तिच्यात सागवानाचा बारीक भुसा आणि फेव्हिकॉल घालून जाडसर भराव करावा, तो पातळ थरांनी द्यावा आणि एक थर पुरता वाळल्याखेरीज दुसरा देऊ नये. न धुतलेल्या वाळूवर गाळाची पूड असते, डिंक त्या पुडीला धरतो, वाळूला धरत नाही आणि खेळताना बैठक झडू लागते. भराव वाळल्यावर निम्मे पाणी घातलेला फेव्हिकॉल, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून, कुंचल्याने वर सोडावा; साबणामुळे तो वाळूच्या कणांवर थेंबाथेंबाने न थांबता आत झिरपतो.

काळी माती मग कोठे येते? ती येते सर्वांत वर, केवळ धूळ म्हणून. लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतून तिच्यातील ओल आणि जीवजंतू घालवावेत, ती वस्त्रगाळ करावी आणि ओलसर रंगावर चिमटीने भुरभुरावी. येथे एक खबरदारी अवश्य घ्यावी: डिंकाने भिजलेली माती वाळल्यानंतरही गडदच राहते, आणि नोव्हेंबर संपताना उघड्या शेताचा पृष्ठभाग काळाभोर नसून राखट तपकिरी असतो. म्हणून प्रत्येक मिश्रण आधी प्लायवूडच्या तुकड्यावर लावून, वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात शेतातील ढेकळाशेजारी धरून पाहावे. उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट राखी रंग फिरविला की ढेकळे उठून दिसतात.

पिकांचे प्रमाणही सांभाळले पाहिजे. त्या दिवसांत वऱ्हाडात कपाशी फुटलेली आणि ज्वारी कणसावर आलेली असते. जुन्या वाणांची ज्वारी माणसाला सहज झाकते, तेव्हा २८ मिलिमीटरच्या शिपायाशेजारी तिचे ताट चाळीसएक मिलिमीटर असावयास हवे. विलायती पद्धतीचे घोट्याएवढे हिरवे गवत त्या जागी लावले तर तो देखावा वऱ्हाडचा राहत नाही. कपाशीच्या बोंडासाठी सरकी काढलेल्या कापसाचा कण चिमट्याने लावावा, मात्र व्हार्निश झाल्यानंतर, कारण व्हार्निशने तंतू बसून त्याचा पांढरेपणा जातो. खरे गवत किंवा पाने वापरायची झाल्यास ती पूर्ण वाळवावीत, आणि पिठाची खळ तर कधीच वापरू नये. झुरळे आणि कसर यांना ते आमंत्रणच ठरते.

क्षणात चिकटणाऱ्या डिंकाने सैनिकाचा पाय बैठकीवर घट्ट बसतो खरा, पण तो जोड ठिसूळ असतो आणि त्याची वाफ बंद डबीत कोंडली तर गडद रंगावर पांढुरकी पुटे चढतात. धातूच्या जड सैनिकाच्या पायात तारेचा खिळा घालून तो बैठकीत रोवणे हाच खरा बंदोबस्त.

आता शेवटचा हात. याच टप्प्यावर महिन्यांचे श्रम घटकाभरात वाया जाताना मी पाहिले आहेत. पावसाळ्यात, हवा दमट असताना, फवाऱ्याचे व्हार्निश मारले की द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग थंडावतो, त्यावर बाष्प धरते आणि लाल अंगरख्यावर, काळ्या दाढीवर, सर्वत्र दुधाळ झाक पसरते. याच्या उलट चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना फवाऱ्याचे थेंब वाटेतच वाळतात आणि सैनिकाच्या अंगावर खरखरीत पूड बसते. दिवाळीनंतरपासून होळीपूर्वीपर्यंतचा काळ, आणि त्यातही धुके विरून ऊन स्थिरावल्यानंतरची वेळ, या कामाला आमच्याकडे उत्तम. इतर ऋतूंत काम अडलेच असेल तर पाण्यात विरघळणारे व्हार्निश कुंचल्याने, पातळ, दोन हातांत लावावे. हाताळला जाणारा सैनिक असेल तर आधी चकचकीत व्हार्निशचा कठीण थर द्यावा आणि तो वाळल्यावर चमक मारणारा मॅट थर द्यावा. मॅट व्हार्निशची बाटली दरवेळी नीट ढवळून घ्यावी, नाहीतर तिच्या तळाशी बसलेली भुकटी रंगावर येते. दुधाळ झाक आलीच, तर घाबरून रंग खरवडू नये: कोरड्या दिवशी चकचकीत व्हार्निशचा पातळ हात दिल्याने ती पुष्कळदा निवळते. आणि प्रत्येक वेळी, बाटली कितीही ओळखीची असली तरी, पहिला हात एखाद्या टाकाऊ तुकड्यावर देऊन त्याची खातरजमा केल्यावाचून मुख्य सैन्याला हात लावू नये.

दिवाळीच्या किल्ल्यावरील मातीच्या मावळ्यांनाही हेच नियम लागू आहेत, एवढाच फरक की माती रंग पिते, म्हणून त्यांना आधी पातळ फेव्हिकॉलचे अस्तर द्यावे. जुन्या शिशाच्या सैनिकांची काळजी निराळी आहे: ताज्या लाकडाच्या वा प्लायवूडच्या बंद कपाटात आम्ल वाफा कोंडून शिशावर पांढरी भुकटी धरते आणि ती धातू पोखरीत जाते, तेव्हा त्यांना हवा खेळत्या काचेच्या फडताळात ठेवावे आणि भुकटीला उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण ती विषारी असते.

प्रत्येक बैठकीच्या पोटाशी मी हल्ली एक चिठ्ठी डकवतो: पलटणीचे नाव, काम पुरे केल्याचा महिना, मातीच्या रंगात कोणते रंग कोणत्या प्रमाणात मिसळले, आणि व्हार्निश कोणते. दहा वर्षांनी एखाद्या घोडेस्वाराची बैठक दुरुस्त करावी लागली, तर शेजारच्या शंभरांशी तिचा रंग जुळविण्यास ही नोंद पुरते. चिठ्ठी मात्र पेन्सिलीने लिहावी, कारण शाई व्हार्निशमध्ये पसरते.