चढलास त्याच गिअरमध्ये उतर

वडगाव बुद्रुक, पुणे
मंगळवार, रात्री

चि. मन्या यास,


काल रात्री भोरच्या तात्यांचा फोन आला. ते रविवारी महाडला निघाले होते. वरंध घाटात वाघजाईपाशी भजी खायला थांबले असताना तुझी गाडी समोरून गेली. त्यांनी हात केला, तुझं लक्ष नव्हतं. तात्या म्हणाले, "एवढी मोठी गाडी गेली, पण इंजिनाचा आवाजच आला नाही." पुढे घाट संपल्यावर त्यांना तू परत दिसलास. मागच्या चाकातून धूर येत होता आणि तू बादलीनं चाकावर पाणी ओतत होतास. लग्नघरी मुहूर्त गाठायचा म्हणून ते थांबले नाहीत, त्याचं त्यांना आता वाईट वाटतंय. तुझ्या घरी मात्र बातमी नाशिकच्या आत्यामार्फत आली ती "मन्याची गाडी पेटली" अशीच. तुझ्या आईनं दुपारी जेवण केलं नाही.

तिला तू सांगितलंस की क्लचप्लेट गेली, दोन दिवस गॅरेजमध्ये आहे. मन्या, क्लच जळला तर मागच्या चाकातून धूर येत नाही. मी एकतीस वर्षं दापोडीला एसटीच्या कार्यशाळेत काढली आहेत. मला एकच सांग, गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होतीस ना?

फ्लॅट सोडून गाडीत राहायला जातो म्हणालास, तेव्हा घरात तुझ्या बाजूनं बोलणारा मी एकटा होतो, हे विसरू नकोस. तुझे बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. २०२१ मध्ये सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचं कात्रण तू मला पाठवलंस आणि मी ते अजून डायरीत ठेवलंय. बारा वर्षं रुग्णवाहिका म्हणून धावलेली ट्रॅव्हलर घ्यायला आपण दोघं गेलो होतो. चासीला गंज कुठे कुठे आहे ते मी आडवा पडून बघितलं होतं. लायनर अर्धे शिल्लक आहेत, सहा महिन्यांत बदल, असं मी तुला त्याच दिवशी म्हणालो होतो. सहा महिने गेल्या महिन्यात संपले.

बाकीच्या कटकटींचं मला काही वाटत नाही. कराडला रेडिएटरचा होज फाटला, तेव्हा तू मला रात्री साडेअकराला फोन केलास. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नको म्हणालो, तू उघडलं नाहीस. फ्रिजनं बॅटरी खाल्ली तेव्हाही फोन केलास. शंभर अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे जेमतेम बाराशे वॉट-अवर, तिच्यावर दीड हजार वॉटची इंडक्शन शेगडी लावलीस तर सव्वाशे अँपिअर ओढले जातात आणि वायर तापते, हे आपण फोनवर कागद-पेन्सिल घेऊन मांडलं होतं. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज लावलास, फोटो पाठवलास. पाण्याच्या टाकीचा जोड हादऱ्यानं सुटला, त्याचंही सांगितलंस. चालतं घर म्हटलं की रोज काहीतरी ढिलं होणारच. स्क्रू सुटतील, पाटे कुरकुरतील. त्यातूनच तू शिकतो आहेस आणि चांगला शिकतो आहेस.

पण एवढ्या सगळ्याला फोन आणि ब्रेकला मात्र नाही. का? तुला ठाऊक होतं म्हणून. जे चुकलं ते आपल्या हातानं चुकलं हे माहीत असलं, की माणूस फोन करत नाही. हे मी तुझ्यावर रागावून लिहीत नाही. मला ते आतून माहीत आहे.

आधी रागावतो, मग पुढचं.

तुझी गाडी आता रिकामी रुग्णवाहिका नाही. त्यात तू अठरा एमएमच्या प्लायवूडचे किती बोर्ड घातलेस? एकेक तीसेक किलोचा. पाण्याची टाकी दोनशे लिटरची, म्हणजे दोनशे किलो. गॅसची टाकी, बॅटऱ्या, छतावरची पॅनेलं, सायकल, पुस्तकं. भोरच्या अलीकडे कुठल्याही वजनकाट्यावर गाडी चढवून आरसी बुकातल्या आकड्याशी ताडून बघितलंस का? मी तीनदा सांगितलंय. समज, साडेतीन टन भरली. पाच-साडेपाचशे मीटरचा घाट नुसत्या ब्रेकवर उतरलास, तर जी उष्णता तयार होते तिच्यात पन्नासेक लिटर थंड पाणी उकळेल. आजोळच्या अंगणात लग्नात दोन मोठे बंब पेटवायचे, तेवढं. ती सगळी उष्णता चार चाकांच्या आत, तळहाताएवढ्या लायनरांवर साठते. लायनर तापले की धरत नाहीत. पेडल दाबतोस, पाय दुखतो आणि गाडी पुढेच जाते. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी वाईट, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट-४ ऑइल २३० अंशांच्या पुढे उकळतं, पाणी मुरलं की १५५ला उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ तळाला जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं. आणि न्यूट्रलच्या जोडीला चावी बंद केली असशील, तर व्हॅक्यूम पंपही थांबतो. बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा ब्रेक लागतो, पुढे पेडल दगडासारखं होतं.

हे सगळं कशासाठी, तर डिझेल वाचवायला. आणि ते वाचतही नाही. उतारावर गाडी गिअरमध्ये असली आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की चाकंच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलला मात्र इंजिन आपल्या आपण चालू राहायला डिझेल पीत राहतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वर डिझेलही जास्त जाळायचं.

मी नवले पुलापासून हाकेच्या अंतरावर राहतो. कात्रजचा नवा बोगदा सोडला की उतार लागतो आणि जड गाड्यांचे ड्रायव्हर तिथे न्यूट्रल टाकतात. २०२२च्या २० नोव्हेंबरला रात्री एका ट्रकनं कितीतरी गाड्यांना धडक दिली. उतारावर ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. त्या रात्री मी गॅलरीत उभा होतो. रुग्णवाहिकांचे भोंगे थांबत नव्हते. तेव्हापासून भोंगा ऐकला की मी आधी तुमच्यापैकी कोण कुठे आहे ते मनात मोजतो. रविवारी तू वरंध घाटात होतास आणि मी दुपारी झोपलो होतो.

आता पुढचं. तुझ्या आईच्या डाव्या भुवईत आडवी खूण आहे. टेबललँडवर पाय घसरून पडली, असं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ती टेबललँडवर पडली नव्हती.

१९८४ साल होतं. मी सत्तावीस वर्षांचा, एसटीत लागून पाच वर्षं झालेली. जुन्या बाजारात भंगाराचा धंदा करणारा माझा एक मित्र होता. पाचगणीच्या एका बंगल्यातून जुन्या लोखंडी खाटा आणायच्या होत्या. त्यानं मॅटॅडोर दिली, मी सुट्टी घेतली. तुझी आई एकोणीस वर्षांची, तिला पाचगणी बघायची होती, म्हणून बरोबर आली. दिवसभर टेबललँडवर हिंडली, मक्याची कणसं खाल्ली. संध्याकाळी खाटा भरल्या, हव्या होत्या त्यापेक्षा जास्तच भरल्या, आणि पसरणीच्या घाटानं वाईकडे निघालो. डिझेलचे पैसे मित्रानं मोजून दिले होते. त्यातले वाचतील तेवढे आपले, असा विचार करून मी न्यूट्रल टाकला.

मी दिवसाला चार-पाच एसटींचे लायनर बसवणारा माणूस. जळलेले लायनर हातात घेऊन ड्रायव्हरांना बोलणारा माणूस. तरी टाकला. पाखरासारखी गाडी उतरते, त्याचं सुख वाटतं रे, ते मी नाकारत नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणाला जळका वास आला. मला तो वास ओळखू आला आणि तरी वाटलं, आणखी एक वळण. मग पेडल दाबलं आणि काही झालं नाही. गिअर टाकायला गेलो तर एवढ्या वेगात पडेना, नुसता कर्रकर्र आवाज. हँडब्रेक ओढला, त्यानं थोडं धरलं. उजवीकडे दरी, डावीकडे डोंगर. मी गाडी डोंगराला घासत नेली. ती गटारात जाऊन थांबली. तुझ्या आईचं डोकं काचेच्या चौकटीवर आपटलं होतं. तिच्या हातात अर्धवट सोललेलं कणीस तसंच होतं.

वाईला सात टाके पडले. डॉक्टरांकडून बाहेर येताना तीच म्हणाली, "घरी सांगायचं, मी पडले." माझ्या नोकरीचा विचार त्या पोरीनं रक्त पुसता पुसता केला. एक्केचाळीस वर्षं झाली, तिनं आजपर्यंत कुणाला, तुझ्या बाबांनाही, सांगितलं नाही. आणि मीही तिच्याआड लपून राहिलो. गाडी आपटल्याचं मला वाईट नाही वाटत, ती मित्रानं आठवड्यात ठीक केली. आपण ओळखीच्या वासाला "आणखी एक वळण" म्हणालो, आणि नंतर तो दोष एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या घसरलेल्या पायावर ढकलला, ते आजही टोचतं. तिला राखी बांधताना बघतो तेव्हा ती खूण माझ्या अगदी समोर असते.

म्हणून क्लचप्लेटचं ऐकल्यावर ती काही बोलली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं फक्त.

आता शांतपणे ऐक. ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतर. चढायला दुसरा लागला तर उतरायलाही दुसराच. गिअर घाट सुरू व्हायच्या आधी टाकायचा, मध्ये नाही. माथ्यावर थांबायचं, पेडल दोनदा दाबून बघायचं. वाघजाईपाशी तू पाच मिनिटं थांबला असतास, तर तात्यांबरोबर भजीही खाल्ली असतीस. उतरताना पेडलवर पाय ठेवून बसायचं नाही. वेग वाढला की ब्रेक नीट दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे लायनरला वारा मिळतो. मागच्या गाड्या भोंगे वाजवतील, त्यांना जाऊ दे. वास आला की बाजूला घे, चाकाला ठोकळा लाव आणि अर्धा-पाऊण तास नुसता बस. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, त्याला तडा जातो. तुझ्या ड्रमना तडा गेला असेल, मला तीच धास्ती आहे. गॅरेजवाल्यानं ड्रम उघडून तुला दाखवले का? की नुसतं ऑइल भरून दिलं?

गॅसचं एकच. तो हवेपेक्षा जड, खाली साचतो. शेगडीच्या कपाटाला जमिनीलगत भोक पाडलंस की नाही ते सांगितलेलं नाहीस. आरटीओत फेरफाराची नोंद झाली का, तेही राहिलंय. ते मागाहून बघू.

तू परत यावंस असं मला म्हणायचं नाही. तुझी आईही म्हणत नाही, तिला फक्त भीती वाटते. परवा ती माझ्याकडे आली होती, म्हणाली, "तो कुठे झोपत असेल?" मी म्हणालो, स्वतः बनवलेल्या पलंगावर, आपल्यापैकी कुणाला ते जमलं नाही. ती हसली. मी नोकरीभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या, त्या कोकणात, खानदेशात, पार चंद्रपूरपर्यंत गेल्या, आणि मी मात्र दापोडी ते घर. तू जिथे जिथे थांबलास त्या गावांची नावं मी भिंतीवरच्या नकाशात पेन्सिलीनं खुणावतो. हर्णै, गुहागर, राजापूर. तुझा फोटो आला की त्या दिवशी मला बरं वाटतं.

म्हणून यापुढे बिघडलं की फोन कर. तुझ्या चुकीनं बिघडलं असेल तर आधी कर. मी ओरडणार नाही. ओरडलो तरी फोन ठेवू नकोस.

लायनरचा नवा सेट, व्हील सिलिंडरची किटं आणि ब्रेक ऑइलचे दोन डबे मी आज नाना पेठेतून आणले. बिल मागू नकोस. तुझ्या आईनं भाजणी आणि मेतकूट बांधलंय, वर लिंबाचं लोणचं. क्लचप्लेटबद्दल ती काही विचारणार नाही, पण तू तिला स्वतःहून सांग. भुवईचं मी तुला सांगितलं, ते मात्र तिला आत्ता सांगू नकोस. ते मीच एकदा सांगेन, तुझ्या बाबांसमोर.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी स्वारगेटहून महाडला येतोय. मला घ्यायला स्टँडवर ये. गाडी आणू नकोस, चालत ये.

तुझा,
मामा